धाकट्याचं सेटिंग

कोचसाहेबांनी आयुष्यात कधी बॅट धरली नव्हती, आणि बेसबॉलचा खरा सामना तर आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. तरी कुरकुंभच्या आमच्या प्लांटमध्ये सगळे त्यांना कोचच म्हणायचे. खरं नाव शकीलभाई, काम ऑपरेटरचं. फर्स्ट शिफ्ट सुटली की बूटही न बदलता ते दौंड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत हजर. मागोमाग मी आणि खुटबावचे आप्पा.

अमेरिकेहून आलेल्या एका इंजिनिअरनं बेसबॉलच्या गेमची सीडी त्या कॅफेत दिली होती. जुन्या काळातले खेळाडू घेऊन आपापली टीम बांधायची. सामने कॉम्प्युटरच खेळणार, आपण नुसतं बटण दाबायचं आणि हळहळायचं. त्यात एक सेटिंग होतं: खेळाडूंची प्रगती इतिहासात झाली तशीच ठेवायची, की मोकळी सोडायची? आप्पांना इतिहास हवा असायचा. पुढं कोण मोठा होणार हे ते इंटरनेटवर आधीच बघून ठेवत आणि नेमका त्यालाच उचलत. कोच भडकायचे. "आप्पा, समदं ठरल्यागतच व्हायचं आसंल, तर आपुन हितं माश्या मारायला बसलोय व्हय? सोडा मोकळं!"

या मोकळं सोडण्यामागं होता धाकटा. त्याचं आडनाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून हे कोचनीच ठेवलेलं नाव. खऱ्या इतिहासात हा थोडंसं खेळून गायब झालेला. कोच त्याला दर सीझनला टीममध्ये घेत, आणि तो दर सीझनला इमानेइतबारे बाद होई. "फुडच्या टायमाला बघा," हे वाक्य आता त्यांच्या आधी आम्हीच म्हणायचो.

एकदा धाकटा सुधारावा म्हणून त्यांनी गुपचूप प्रगतीचं सेटिंग पार टोकाला नेलं. ते साऱ्या लीगला लागू होतं, हे काही कोचसाहेबांच्या ध्यानात आलं नाही. निवृत्तीला टेकलेले म्हातारे खोंडासारखे उधळले. रन इतके झाले की आप्पा हसता हसता खुर्चीवरून खाली आले आणि कॅफेवाल्याला वाटलं, शॉक बसला. त्या धुमाळीत कोरा राहिला तो एकटा धाकटा! कोच डोळे पुसत म्हणाले, "गर्दीत लाजतंय वो पोरगं."

मग कोचची बदली गुजरातच्या प्लांटला झाली. निघायच्या दुपारी आमची फायनल चालू होती. धाकट्यानं एकदा तरी जिंकून द्यावं, एवढीच त्यांची इच्छा. जिंकायला दोन रन, एक गडी बेसवर, आणि शेवटच्या संधीला आला धाकटाच! नेमकी तेव्हाच स्टेशनात त्यांची गाडी लागली. कोचनी बोट बटणावर ठेवलं, पण दाबलं नाही. "भाऊ, तुमीच बघा," म्हणाले आणि बॅग उचलून निघाले.

मी बटण दाबलं, पाहिलं, ओरडलो आणि पळत सुटलो. मागं आप्पा, चपला हातात. गाडी हलली होती. कोच डब्याच्या दारात उभे होते. मी तोंड उघडताच त्यांनी बॅग खाली टाकली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. "सांगू नका! न्हाई म्हंजी न्हाई! ऱ्हाऊ द्या मोकळं!"

अजून ईदला फोन होतो. ते सगळ्यांची विचारपूस करतात, अगदी कॅफेच्या खडखडणाऱ्या पंख्याचीसुद्धा. मी नुसता खाकरलो तरी म्हणतात, "ठिवू का फोन?" त्यांची फार आठवण येते.

त्या दुपारी धाकट्यानं चेंडू कुंपणापार मारून कोचना जिंकून दिलं होतं. इतकी वर्षं हे माझ्या पोटात मावत नाही, आणि ज्याला सांगायचं तो अजून कानांवर हात ठेवून उभा आहे.