बाजूला ठेवलेला वाटा

शर्मिलाचे उजवे मनगट तिच्या स्वतःच्या माणसांनी मोडले. शत्रूने मोडले असते, तर मी हे लिहायला बसलो नसतो. शत्रूचे ते कामच असते. मोडणारा अजय हा तिच्या भावाच्या होडीवरचा खलाशी, आणि त्या दुपारी ती जे काम करीत होती ते त्याच भावासाठी करीत होती.

मालवणजवळच्या आमच्या वाडीतील मच्छीमार संस्थेची ती सचिव आहे. वय पंचेचाळीस, शिक्षण बी. कॉम., बोलणे मोजके. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मात्र लिलावात आईची टोपली लाथेने उलथणाऱ्या दलालाच्या पावलात तिने शाळकरी वयात बर्फ फोडण्याचा टोच्या खुपसला होता, हे वाडीत सर्वांना ठाऊक आहे. तो दलाल अजून लंगडतो. मी संस्थेचा मानद सल्लागार असल्यामुळे दुपारी कार्यालयात असतो. पुढचे बहुतेक सारे मी समक्ष पाहिले आहे.

गेल्या हिवाळ्यात उजाडता उजाडता तिचा भाऊ गुरुदास जाळी उचलीत असताना बेकायदा दिवे लावून मासे गोळा करणारी एक मोठी नौका त्याच्या जाळ्यांवरून गेली. गुरुदास उभा राहून ओरडला. नौकेच्या काठावरून एकाने लोखंडी सळई फिरवली आणि ती त्याच्या डाव्या डोळ्यात बसली. अजय मोबाईलवर चित्रण करीत होता. ते त्याने संस्थेच्या ई-मेलवर पाठवायला लावले आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या हातावर सळई बसून मोबाईल समुद्रात गेला. चित्रण थेट ई-मेलवरच धाडायचे, कारण हातोहाती पुढे गेलेली चित्रफीत धुरकट होते व तिची तारीख हरवते, हा नियम शर्मिलाचाच. परंतु मोबाईल बुडण्यापूर्वी ते निघाले की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आमच्याकडे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, एक रिवाज आहे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. सारे मासे वाळूवर सर्वांच्या डोळ्यांदेखत ओतायचे आणि तिथेच वाटायचे. त्यातला एक मासा जरी कोणी आधी बाजूला ठेवला, तर तो चोर.

गुरुदासला वाळूवर उतरवले तेव्हा त्याच रिवाजाने प्रत्येकाचा हात दोराला लागला. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये तो रक्ताने भरलेला चेहरा गेला आणि तिथून संस्थेच्या ई-मेलवर आला. एकच चेहरा, शेकडो चित्रफिती. तिथे आधीच नऊ वर्षांत आलेल्या जाळ्यांच्या जाहिराती, इंजिनांची दरपत्रके, परिपत्रके आणि सणांच्या शुभेच्छा तुंबल्या होत्या. दुपारपर्यंत जागा संपली. दुसऱ्या दिवशी मत्स्य खात्यातून दूरध्वनी आला : तुमच्या पत्त्यावरून आमचा मेल परत येतो आहे, सुनावणी सोमवारी आहे, आपली नौका बंदरातच उभी होती असे मालक म्हणतो, नौकेचा क्रमांक दिसेल असा पुरावा आणि तिच्याविरुद्धच्या पूर्वीच्या तक्रारी सादर करा, अन्यथा प्रकरण टिकणार नाही.

गुरुदासचा डोळा तोवर गोव्याच्या इस्पितळात काढून टाकला होता.

शर्मिलाने अजयला त्याचा ई-मेलचा पत्ता विचारला.

"माका काय म्हायत?" हाताला पट्टी बांधलेला अजय म्हणाला. "दुकानदारान फोन चालू करून दिल्यान. नाव त्येनाच घातल्यान."

दुकानदाराला ते नाव आठवेना. शोधायला नावच नव्हते. तेव्हा एकेक मेल उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. शर्मिला तीन दिवस खुर्चीतून उठली नाही असे म्हटले तरी चालेल. जाहिराती, दरपत्रके आणि शुभेच्छांची जड छायाचित्रे तिने कायमची पुसून जागा मोकळी केली. लोकांचा मात्र एकही मेल पुसला नाही. प्रत्येकावर नौकेची आणि वर्षाची खूणचिठ्ठी लावून तिने तो अर्काइव्ह केला, म्हणजे समोरच्या पानावरून उचलून आतल्या कपाटात ठेवला. शनिवारी दुपारी इनबॉक्स कोरा झाला. अखेरच्या काही मेलांत विषयाविना आलेली अजयची चित्रफीत सापडली. सळई दिसत होती, क्रमांकही दिसत होता. तिने त्यावर "गुरुदास" अशी खूण लावली, ती आत ठेवली आणि पाणी प्यायला उठली.

त्याच वेळी अध्यक्ष सत्यवान याने किनाऱ्यावर आपला मोबाईल उघडला. संस्थेचे ई-मेल त्याच्याही मोबाईलवर दिसते. लोकांनी पुरावा पाहायला मागितला होता. पान कोरे निघाले.

कार्यालयाचे दार त्यांनी ढकलले नाही, लाथेने बिजागऱ्यांसकट आत पाडले. पुढे अजय होता.

"कितक्याक इकलंस गो आमका?"

"काय इकलंय नाय. सगळा आत आसा," शर्मिला म्हणाली.

"आत खंय? बाहेर कित्या नाय?"

"भावाच्या डोळ्याचे पैसे गिळलंस," मागून कोणी म्हणाले.

वाळूवर नसलेला वाटा चोरीचा, हे त्यांच्या हाडांत मुरलेले होते. मी मध्ये पडलो, तेव्हा माझी कॉलर धरून मला कपाटावर आदळण्यात आले; चष्मा फुटला. अजयने लाकडी स्टूल उचलले. पहिला घाव संगणकावर बसला. दुसरा संगणकासमोर आडवा धरलेल्या तिच्या हातावर बसला, आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कोणीतरी तिचे केस धरून तिला खाली पाडले. तिचे डोके टेबलाच्या कडेवर आपटले आणि रक्त भुवईवरून ओठांपर्यंत आले. ती किंचाळली नाही. सत्यवान दारात उभा राहून "पुरे रे, पुरे" एवढेच म्हणत होता.

शर्मिला भिंतीला टेकून बसती झाली.

"काका, तुमचो फोन हयसर द्या."

सत्यवानने तो दिला. तिने डाव्या अंगठ्याने खुणांची यादी उघडली. काचेवर रक्ताचा ठसा उमटला, तो पदराला पुसला आणि "गुरुदास" या नावावर अंगठा ठेवला. मग मोबाईल जमिनीवर सर्वांना दिसेल असा उभा केला.

आधी लाटांचा आवाज आला. मग अजयचाच आवाज आला : "मारू नको रे, डोळो गेलो तेचो. मारू नको."

अजयच्या हातात स्टूल होते. त्याने ते हळूच, चारही पाय टेकतील असे, खाली ठेवले.

सोमवारी हाताला प्लॅस्टर, भुवईवर टाके अशा अवस्थेत तिने त्याच नौकेच्या खुणेखाली सापडलेल्या पूर्वीच्या वीस तक्रारी आणि ती चित्रफीत खात्यापुढे मांडली. नौका जप्त झाली. सळई फिरवणाऱ्यासह दोघे अटकेत गेले. खटला उभा राहिला असून अजून चालू आहे.

त्याआधी, मनगट बांधून इस्पितळातून परत आल्यावर, शर्मिलाने डाव्या हाताने अजयविरुद्धची फिर्याद लिहिली, वैद्यकीय दाखला जोडला आणि पोलिसांकडे न धाडता संस्थेच्याच पत्त्यावर पाठवली. अजयला ते कळले. तिचे प्लॅस्टर निघाल्यावर एका संध्याकाळी तो कार्यालयात आला. नव्या दारापाशीच थांबला.

"ताय, माका पोलिसात दी."

"तू एकटो साक्षीदार. तुका आत घातलंय तर गुरुदासाचो डोळो फुकट गेलो."

"मग पुसून टाक तां."

"पुसूचंय नाय."

तिने नव्या संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. इनबॉक्स कोरा होता.

"खंय आसा मग?"

"आत. केस संपली की बाहेर काढतलंय. मग तुझो वाटो तुका."

अजयने मान डोलावली. दिवे मालवून ती निघाली तेव्हा त्याने तिची पिशवी उचलायला हात पुढे केला. वाकड्या जुळलेल्या मनगटाने शर्मिलाने ती स्वतःकडे ओढली.