वरातीचा क्लॅरिनेट मंगल कार्यालयात

वडीगोद्रीला एसटीतून उतरताना कंडक्टरने मुक्ताच्या चेलोकडे (बसून गजाने वाजवायचं, माणसाएवढं मोठं व्हायोलिन) पाहून विचारलं, "ताई, पेशंट हाय का आत?"

"हाय. पण बोलतो बराबर," मुक्ता म्हणाली.

पुढे तीर्थपुरीपर्यंत टेम्पो. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा आणि माझ्या मांडीवर विजेवरचा पियानो. तिसरा सोबती विशाल. पुण्यात आम्ही तिघं मिळून वाजवतो, क्लॅरिनेट त्याचा. त्याच्या वडिलांचा, आबांचा, लग्नाचा बँड आहे. लग्नसराई लागली तशी त्यांनी त्याला कायमचं परत बोलावलं होतं. "आधी गावात वाजवून दाखव, मंग बघू," एवढीच सवलत दिली होती.

दुपारी विशालच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) झाली.

"बसून वाजवता म्हने?" आबांनी विचारलं. "दम लागतो का?"

"लागतो, आबा."

"पाय तर दुखत न्हाईत. बरंय."

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. आबा शेजारच्या गावची हळद वाजवून थेट आले, क्लॅरिनेट हातातच, आणि दाराबाहेर उभे राहिले. बँडवाल्यांनी नवरदेवाला दारापर्यंत पोचवायचं आणि बाहेरच शेवटच्या पंगतीची वाट बघायची, ही इथली रीत. सूर आत चालतो, मग माणूस का नाही? हे मी मोठ्याने विचारणार होते. विशालने मानेनेच नको म्हटलं.

संथ भाग सुरू झाला. विशालने आपली ओळ संपवून क्लॅरिनेट मांडीवर ठेवला, कारण आता चेलोची पाळी होती. तेवढ्यात दारातून दुसरा क्लॅरिनेट वाजू लागला. विशालचीच शेवटची ओळ, जशीच्या तशी. वरातीत एकाचा दम तुटला की दुसऱ्याने सूर उचलायचा. वरात मुकी पडली की शिव्या ठरलेल्या. आबांनी मुलाला सावरलं होतं.

आम्ही थांबलो. लोक हसले.

"आबा, माझा दम तुटला न्हाई," विशाल म्हणाला. "इथं थांबायचंच असतं."

"आन लोक काही म्हनत न्हाईत?"

"न्हाई. तुम्ही आत या, बसा."

आबा जरा घुटमळले. मग चपला काढून आत आले आणि पुढच्या खुर्चीवर टेकले. आम्ही तो भाग पहिल्यापासून वाजवला. विशाल थांबला की आबांची बोटं भोकांवर जायची आणि तिथेच राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघताना आबा म्हणाले, "तिथं पुण्यात चुपचाप बसलं तरी कोनी हाकलत न्हाई ना?"

"न्हाई, आबा."

"मंग जा. इथलं मी बघतो."

एसटी निघाली. आवाज उठवा, असं सांगणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवर मी वाढले. मधेच गप्प बसावं आणि तरी आपली जागा आपलीच राहावी, ही मागणी मी कुठल्या पत्रकात वाचली नव्हती. विशालची ती मान्य झाली. आबा मात्र लग्नसराई संपेपर्यंत बँडात क्लॅरिनेट एकटेच वाजवणार होते, आणि त्यांचा दम तुटला तर सूर उचलायला शेजारी कोणी नव्हतं.