जाळीवर बांधलेला फ्लेक्स

‘जुना ट्रॅक्टर’ नावाची कुठलीही वस्तू जगात नसते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना माझं डोकं थोडं कमी तापेल. ज्याला गाय आणि म्हैस एकच वाटते त्याच्या हातात कुणी दावं देत नाही. पण ज्याला सगळे जुने ट्रॅक्टर एकच वाटतात, त्याच्या हातात चावी द्यायला आमच्या घरात माणसं तयार बसलेली असतात.

आमच्या भावकीत दोन ट्रॅक्टर. थोरल्या दिरांचा लाल आणि आमचा निळा. लाल इंग्रजी घराण्यातला, इकडच्या कारखान्यात जुळवलेला. तीन सिलिंडर, पुढे रेडिएटर, रेडिएटरमध्ये पाणी. नांगर उचलणारी त्याची लिफ्टही शहाणी. नांगर कडक रानात अडला की स्वतःहून जरासा वर उचलते. आमचा निळा रशियाचा. दोनच सिलिंडर. लिफ्टला काही कळत नाही, दांडा आपणच हलवायचा. मागे जायला मात्र त्याला जवळजवळ पुढच्याइतकेच गिअर आहेत, आणि अंग बारीक असल्यामुळे पिकाच्या ओळीतून तो असा जातो की पानाला धक्का लागत नाही. सगळ्यात मोठा फरक म्हणजे त्याला पाणी लागत नाही. रेडिएटरच नाही तर पाणी घालणार कुठे?

मला तो चालवायला लागला तो हौसेनं नाही. आमचे मालक कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला. कंपनीची बस फाट्यावर यायची आणि ते दिवसा असले तर झोपलेले असायचे. दिरांचा लाल ट्रॅक्टर आमच्या रानात यायचा तो त्यांचं सगळं उरकल्यावर. तोवर आमच्या जमिनीचा वापसा निघून गेलेला असायचा. ओल अशी उडालेली की नांगराखाली नुसती ढेकळं. दोन वर्षं ते सोसलं. मग मालकांनी शिरूरकडच्या एका बागायतदाराकडून हा निळा जुना घेतला.

त्या बागायतदाराला सगळे आप्पा म्हणत. ट्रॅक्टर द्यायला आले ते शिकवायला म्हणून चार दिवस आमच्याकडेच राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मालकांना शिकवलं. दुसऱ्या दिवशी मालक बसनं शिफ्टला गेले. आप्पांनी ओसरीवर बसून चहा घेतला आणि सासऱ्यांना विचारलं, “दिवसाचं घरी कोण असतं?”

“ही सून असती.”

“मग आपण शिकवतोय कुणाला? चावी तिच्याकडं द्या.”

सासऱ्यांनी चावी माझ्यापुढे सरकवली. आमचं घर मूळचं मेंढरांचं. सासरे तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन आलेले. बाईमाणसानं वाट काढत पुढे चालायचं हे त्यांना नवीन नव्हतं. नवीन होतं ते इंजिन.

आप्पांनी मला आधी बसू दिलंच नाही. बॉनेट उघडून उभं केलं. पुढे जाळी, जाळीमागे पट्ट्यावर फिरणारा पंखा, पंख्याचा वारा पत्र्याच्या बोळातून थेट दोन्ही सिलिंडरवर. सिलिंडर दोन वेगवेगळे, आणि प्रत्येकाला बाहेरून थाळ्यांची चळत रचावी तशा बिडाच्या पाकळ्या. त्या पाकळ्यांतून वारा गेला तर इंजिन थंड, नाही तर नाही.

“रशियात थंडी अशी की रेडिएटरात पाणी गोठतं आन् इंजिन फुटतं,” आप्पा म्हणाले. “म्हणून त्यांनी पाण्याबिगर केलं. तिकडं पाणी गोठतं म्हणून केलं, आन् हिकडं पाणीच न्हाई म्हणून चाललं.”

त्यांनी हेही सांगितलं की त्या काळी ट्रॅक्टर कुणी आवडीनं निवडत नसे. अर्ज टाकायचा, वाट बघायची आणि नंबर लागेल तेव्हा जहाजानं आलेलं असेल ते घ्यायचं. कुणाच्या वाट्याला रशिया आला, कुणाच्या वाट्याला आणखी कुठला देश. म्हणून गावात अजून जुन्या ट्रॅक्टरला कंपनीच्या नावानं नाही, देशाच्या नावानं ओळखतात.

“आन् एक ध्यानात ठेव, पोरी. पाण्याचा ट्रॅक्टर तापला की बोंबलतो. काटा चढतो, झाकणातनं वाफ येती, आंधळ्यालाबी कळतं. ह्यो बोलत न्हाई. तेलाचा काटा तेवढा हाय, त्यो बघायचा. न्हाईतर कानानं ऐकायचं. आवाज जड झाला की थांबायचं. जाळी रोज झाडायची, आन् तिच्यावर काय म्हंजी काय टाकायचं न्हाई.”

सासरे तेवढंच ऐकून मान हलवत म्हणाले, “मेंढराच्या नाकावर घोंगडं टाकल्यागत हाय मग.” इंजिनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ही गोष्ट त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळली.

तेव्हापासून तो ट्रॅक्टर मी चालवते. नांगरट, पेरणी, उसाची बांधणी, सगळं. सुरुवातीला लोक बांधावर उभे राहून बघायचे, मग कंटाळून बघायचे थांबले. क्लच इतका कडक की पहिल्या वर्षी डावा गुडघा सुजायचा. सीटवरून अर्धं उठून सगळा भार टाकल्याशिवाय तो दबत नसे. कागद सासऱ्यांच्या नावावर होते, ते गेल्यावर मालकांच्या नावावर झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे यंदा कळलं.

दिरांच्या मुलानं हायवेला, कासुर्डीजवळ हॉटेल काढलं. पोरगा आधी रांजणगावला कंपनीत होता, तिथं जीव रमेना म्हणून हे. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर कंदील, जेवण चुलीवरचं. उद्घाटनाला कुणी साहेब यायचे होते, म्हणून त्यानं यवतपासून हॉटेलपर्यंत जुन्या ट्रॅक्टरची मिरवणूक ठरवली. आमचा निळा त्याला सगळ्यात पुढे हवा होता. मला कळलं तोवर मालक त्याला हो म्हणून बसले होते.

“मला इचारलं का?” मी म्हणाले.

“घरचाच पोरगा हाय. येक दिवसाचं तर काम,” मालक म्हणाले.

मी पुतण्याला दारात गाठलं. बॉनेट उघडून दाखवलं, आप्पांनी मला दाखवलं होतं तसंच. “ही जाळी झाकायची न्हाई. हार न्हाई, तोरण न्हाई, काय न्हाई. हवा हितनं जाते.”

“व्हय काकी, व्हय,” असं म्हणत तो मोबाईलवर दुसऱ्याशी बोलत होता. तेच पुन्हा सांगितलं तर म्हणाला, “काकी, तुम्ही लई टेन्शन घेता.”

मिरवणुकीच्या दिवशी मला बायकांबरोबर मागच्या टेम्पोत बसवलं, ओवाळायचं ताट हातात देऊन. ज्या ट्रॅक्टरवर माझी निम्मी हयात गेली त्याच्या मागे मी ताट घेऊन. तिथंच उतरायला हवं होतं. पुढे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, कारण मध्ये ट्रॉली होती आणि ट्रॉलीवर डीजेच्या भिंती. ती ट्रॉली आमच्या निळ्याच्याच मागे जोडलेली. चैत्राचं टळटळीत ऊन, पहिला गिअर, आणि दहा पावलं गेलं की पोरं नाचायला थांबवायची.

त्या डीजेत इंजिनचा आवाज देवालाही ऐकू आला नसता. आप्पांनी शिकवलेलं ‘कानानं ऐकायचं’ तिथंच संपलं. राहिला तेलाचा काटा. तो बघायला मान खाली घालावी लागते, आणि चालवायला बसलेला पुतण्या, मागाहून कळलं, दोन्ही बाजूंना हात हलवत होता.

मिरवणूक मध्येच थांबली आणि पुढे सरकेना. डीजे बंद झाला. त्या शांततेत मला स्टार्टरचा आवाज आला, घर्र, मग नुसता टक, टक. मी ताट शेजारणीच्या मांडीवर ठेवलं आणि उतरून धावले.

जाळीवर फ्लेक्स होता. साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली पोरांच्या फोटोंची रांग, चारही कोपरे तारेनं आवळून बांधलेले. इतका ताठ की आत बोट जाऊ नये. मी तो ओढून फाडला. साहेबांचे अर्धे गाल माझ्या हातात आले. आतून अशी धग आली की डोळे मिटले.

“गरम झालाय, पाणी ओता,” कुणीतरी म्हणालं. एक जण बॉनेटवर रेडिएटरचं झाकण शोधत होता. नसलेलं झाकण. मी ओरडले, “पाणी नको, थांबा.” तोवर दुसऱ्यानं गारेगार पाण्याची अख्खी बाटली तापलेल्या सिलिंडरवर ओतली. फस्स झालं आणि मागोमाग कडकन आवाज आला. पाण्याच्या ट्रॅक्टरचा शहाणपणा वाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालवला की काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं. बीड तडकलं होतं.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही. साहेबांची गाडी मागे अडकली होती, तिचा हॉर्न वाजत होता, त्यामुळे सगळ्यांना घाई ट्रॅक्टर बाजूला ढकलायची. पुतण्या माझी समजूत घालायला आला.

“काकी, जाऊ द्या. न्हाईतरी हाटेलच्या दारात उभाच करायचा व्हता ना.”

“कुणी सांगितलं?”

त्यानं मालकांकडे बघितलं. मालक बुटाकडे बघत होते. म्हणजे एका दिवसाचं काम नव्हतंच. चालता ट्रॅक्टर बैलगाडीच्या चाकाशेजारी कायमचा उभा करायचा, त्यावर बसून गिऱ्हाइकांच्या पोरांनी फोटो काढायचे, आणि मी काय करायचं? बांधणीला पुन्हा दिरांच्या लालची वाट बघत बसायचं. हे दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि मला सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती.

“अगं, तुझं वय झालं आता,” मालक हळूच म्हणाले. “क्लच दाबून गुडघं गेलं तुझं.”

“गुडघं माझं हाय. तुम्ही ट्रॅक्टर दिला.”

मी सीटवर चढून बसले. सीट भाजत होती. पुतण्या विनवत होता, दीर रागावत होते, बायका टेम्पोतून खुणा करत होत्या. साहेबांची गाडी कडेनं कशीबशी निघून गेली, तिकडे हॉटेलात फीत कापली, जेवणाच्या पंगती बसल्या. मी सीटवर होते. शेवटी दिरांनीच मिरवणुकीतला आपला लाल आणला, साखळी लावली आणि आम्हाला घरी ओढत नेलं. लालच्या रेडिएटरवर हार होते, पण त्याला तोंड उघडून बोंबलता येत असल्यामुळे त्याचं काही बिघडलं नव्हतं.

दौंडच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं तेव्हा मी समोर स्टूल टाकून बसले होते. एक सिलिंडर तडकलेला, आतला पिस्टन घट्ट धरून बसलेला. मिस्त्रीनं दुसरा काढून पुसला, आतून बोट फिरवलं आणि मला फिरवायला लावलं. गुळगुळीत. लालचं इंजिन असतं तर तिन्ही सिलिंडर एकाच बिडाच्या ठोकळ्यात, ठोकळा तडकला की सगळंच गेलं. आमच्या निळ्याचे दोन वेगळे, मधून वारा खेळावा म्हणून, आणि दोघांची वरची डोकीही वेगळी. गेला तो बदलायचा, राहिला तो ठेवायचा. ज्या वाऱ्यापायी तो मेला त्याच वाऱ्यापायी तो अर्धा वाचला. मी तिथं मिस्त्रीसमोर रडले, आणि रागानं रडले.

बदली सिलिंडर शिरूरला आप्पांच्या घरून मिळाला. आप्पा नाहीत आता. त्यांच्या सुनेनं माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला काढून दिला. मालक माझ्याबरोबर आले होते. परतीच्या वाटेवर तो जड गठ्ठा त्यांनीच मांडीवर धरला. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर एवढंच म्हणाले, “कागद तुझ्या नावावर करू.” मी म्हणाले, “करूच.”

पुढच्या महिन्यात पुतण्या आला. कांदा काढून अंगणात ढीग लावला होता आणि मी नांगरटीला निघाले होते. त्याच्या काखेत गुंडाळी होती. त्यानं ती उलगडली. फ्लेक्सवर मी होते. कुणाच्या तरी लग्नातला फोटो, शेजारची माणसं कापून टाकलेली, खाली लाल अक्षरात ‘तालुक्यातील पहिल्या महिला ट्रॅक्टर चालक’. पहिली मी आहे की नाही ते त्यालाही माहीत नसणार. तरी खोटं कशाला बोलू, ती ओळ मी दोनदा वाचली. इतक्या वर्षांत या घरात कुणी असं लिहिलं नव्हतं. पोराला वाईट वाटलं असेल, असं मनात आलं.

“येत्या जत्रंत आपला ट्रॅक्टर पुढं, आन् तुम्हीच चालवायचा, काकी,” तो म्हणाला.

“आन् ह्यो लावायचा कुठं?”

“पुढं. जाळीवर. माप घिऊनच केलाय.”

मी फ्लेक्स त्याच्या हातातून घेतला. कापड चांगलं जाड होतं. फोटोतलं तोंड खाली करून कांद्याच्या ढिगावर पसरला आणि कडेला दगड ठेवले. कांद्यालाही वारा लागतो, नाही तर आतून सडतो, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या. त्याला दिसावं म्हणून मुद्दाम हळूहळू सोडल्या. तो मोबाईलमध्ये बघत होता.