शमशोनचं आयोडीन आणि सणाचा हलवा

आम्ही कोकणातले मराठी यहुदी. माझा धाकटा भाऊ शमशोन झिराडकर मुंबईला गोदीत फिटर होता. इस्रायलात आला, लोद गावात माझ्या शेजारी राहिला आणि नोकरीला लागला कुठे, तर वाळूच्या टेकड्यांतल्या अणुभट्टीत! शेजारपाजारचे कुजबुजायचे, हा बॉम्ब करतो म्हणून. मी म्हणायचे, "अहो, हा माणूस झुरळ मारताना डोळे मिटून घेतो, बॉम्ब कसला करतोय!"

तो करायचा औषध. भट्टीतून इस्पितळांसाठी एका जातीचं, किरणं सोडणारं आयोडीन निघे. आजाऱ्याने ते प्यायचं, मग गळ्यातली ग्रंथी ते ओढून घेते आणि बाहेरून यंत्र लावलं की टिकटिक ऐकू येते. पण नेहमीचं आयोडीन अंगात फार दिवस रेंगाळतं. म्हणून त्रेसष्ट साली तिथे दुसरं, थोडक्या आयुष्याचं आयोडीन करायला घेतलं. काचेच्या नळीत मूळ द्रव्य बसवायचं, रोज सकाळी वरून औषधी पाणी सोडायचं, की खाली ताजं आयोडीन उतरतं. संध्याकाळपर्यंत ते जवळजवळ संपतंसुद्धा. तिथली माणसं याला गाईचं दूध काढणं म्हणत. शिशाच्या विटांमागे उभं राहून, आरशात बघत, लांब चिमट्यांनी ही धार काढायची, हे शमशोनचं काम. भारी खूश होता गडी त्या कामावर.

त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या, जेमायमाच्या, गळ्यावर सुपारीएवढी गाठ आली. जेमायमाचा गळा म्हणजे काय सांगू! लोदमध्ये आमच्या कुठल्याही घरी कीर्तन असो, तिच्याशिवाय उभं राहायचं नाही. डॉक्टर दोव म्हणाले, गाठीने आयोडीन घेतलं तर बहुतेक काळजी नाही. नाही घेतलं तर कापायची, आणि कापताना नस दुखावली तर आवाज जाईल. त्या दिवसापासून घरात तिचं गुणगुणणंही बंद झालं. मला तर ते घर खायला उठायचं.

तरुण बाई म्हणून डॉक्टरांनी नव्या आयोडीनने तपासायचं ठरवलं. त्याआधी समुद्रातलं काही खायचं नाही, नाहीतर त्यातल्या आयोडीनने ग्रंथीचं पोट आधीच भरतं. कोकणातल्या बाईला मासे सोडायला सांगता? पण तिने सोडले हो! नव्याचा सण, म्हणजे आमचा वर्षारंभ, आला, तर तिने भलं मोठं ताट भरून नारळाच्या दुधाचा हलवा केला आणि माशांच्या जागी येताजाता तोच खाल्ला.

तपासणीच्या दिवशी शमशोनने स्वतः धार काढली आणि शिशाचं भांडं घेऊन इस्पितळात आला. यंत्र लावलं. हूं नाही की चूं नाही! त्याच भांड्यातलं आयोडीन दुसऱ्या बाईच्या गळ्यात छान टिकटिकत होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा बघू, नाहीतर चाकू.

"ताई, माझाच माल खराब निघाला असता तर बरं झालं असतं गं," त्या रात्री जेवताना शमशोन मला म्हणाला आणि भरल्या पानावरून उठला.

उरलेला हलवा त्याने डब्यात भरून कामावर नेला. त्याच्या वरच्या केमिस्ट अहुवाबाई धर्माच्या कडक. त्यांनी विचारलं, "हा कशाने घट्ट केलाय? जनावराच्या हाडांचं जिलेटिन असेल तर मला चालणार नाही."

झालं! आम्ही खरे यहुदी की नाही, याचा त्या वर्षांत इथे केवढा काथ्याकूट चालला होता. शमशोनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी हलवा घट्ट करायला मुंबईहून मागवलेलं चायना ग्रासचं पाकीटच त्याने बाईंच्या टेबलावर आपटलं. "बघा! आमच्या घरात तसलं काही शिरत नाही."

बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "शमशोन, अरे हे समुद्राचं शेवाळ! तुझ्या बायकोने ताटभर आयोडीन खाल्लंय!"

आम्हाला काय ठाऊक? गवत म्हणत होते, आम्ही गवत समजून शिजवत होतो.

मग हलवाही बंद. काही आठवड्यांनी पुन्हा इस्पितळ, पुन्हा तेच भांडं. जेमायमा आडवी, मान न हलवता. मी आणि शमशोन दाराशी. यंत्र लावलं आणि टिकटिक सुरू झाली, अगदी भरभरून. डॉक्टर दोव हसले. "गाठ घेतेय," म्हणाले, "कापायचं कारण नाही."

शमशोन ढसाढसा रडायला लागला.

"अहो, रडताय काय?" जेमायमा छताकडे बघत म्हणाली. "मला हलायचं नाही सांगितलंय. तुमचे डोळे कोण पुसणार?"

घरी परतताना लोदच्या बसमध्ये ती आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, कीर्तन गायला लागली, मोठ्याने, भर गर्दीत. लोक वळून बघत होते. एरवी मी तिला चिमटा काढून गप्प केलं असतं. त्या दिवशी मीच टाळ्यांनी ताल धरला.