जुनं दाव

शंकरनानांच्या हातात चार पौंडी हातोडा दिसला की साधी माणसं दोन पावलं मागं सरकायची आणि त्यांना ओळखणारी चार. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भोसरीत, त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ऐरणीवर एक बेअरिंग ठेवून ते त्याचा जीव घेत होते. एका घावात त्याचे दोन तुकडे झाले तरी हे थांबेनात. एक छर्रा उडून माझ्या पायाला लागला. "नाना, फुटलं की ते," मी म्हणालो. अजून धड ओळखसुद्धा झाली नव्हती. त्यांनी मान वर केली. "फुटलंय ते मला बी दिसतंय. कुनाला वापरता येऊ नये म्हनून मारतोय." मग आणखी दोन घाव घातले आणि मला बसायला स्टूल दिलं.

मी गेलो होतो गाडीसाठी. गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची; पण खेळणं म्हणाल तर नानांनी कानाखाली काढली असती. तिच्यात खरं इंजिन असतं. ते नायट्रोचं इंधन पितं, धूर ओकतं आणि गाडीला मोटरसायकलच्या वेगानं पळवतं. चाकणला नोकरी लागल्यावर माझे मित्र रावेतला फ्लॅट बघत होते, तेव्हा मी ही गाडी घेतली. आईनं तीन दिवस अबोला धरला. गाडी नीट करून देणारा माणूस भोसरीत आहे असं कुणीतरी सांगितलं आणि मी ह्या जमदग्नीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

नानांची सगळी नोकरी प्रेसशॉपमध्ये गेली. पत्रा ठोकून आकार देणारी भलीथोरली प्रेस, आणि नाना तिचे सेटर, म्हणजे ती जुळवून, दुरुस्त ठेवणारे. त्यांच्या रागाचे किस्से तिथं अजून सांगतात. एका सुपरवायझरनं माल लवकर निघावा म्हणून प्रेससमोरची सुरक्षेची जाळी काढायला लावली. नानांनी त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट उचललं, प्रेसखाली ठेवलं आणि पॅडल दाबलं. हेल्मेटची भाकरी झाली. ती त्याच्या हातात देत म्हणाले, "सायेब, ह्यात डोस्कं नव्हतं हे नशीब समजा." आठ दिवस सस्पेंड झाले. जाळी मात्र त्याच दिवशी परत बसली.

त्यांच्या शेडमध्ये एकच कायदा होता. तुम्ही म्हणालात, "नाना, अमुक पार्ट बदललाय," की ते तळहात पुढं करायचे. "जुनं दाव." जुना पार्ट त्या हातावर पडला नाही तर तुमची गाडी मैदानात उतरत नसे. पडला की ऐरणीवर ठेवून त्याचा चेंदामेंदा. एकदा एकानं जुना क्लच 'असू दे अडीअडचणीला' म्हणून खिशात लपवला. नानांनी त्याला मानगुटीला धरून ओणवा केला, क्लच काढला आणि त्याच्यादेखत ठेचला. मग त्यालाच चहा पाजला. "अडीअडचन ह्यातूनच येती, लेकरा," एवढंच म्हणाले.

आमच्या शर्यती दर रविवारी चाकण रस्त्याजवळच्या एका बंद गोडाउनच्या आवारात व्हायच्या. नाना यायचे ते स्कूटरवर वसंतरावांना मागं बसवून. वसंतराव त्याच प्रेसवरचे त्यांचे जोडीदार. त्यांचा उजवा हात मनगटापासून नव्हता. डाव्या हातात झेंडा घेऊन ते शर्यत सोडायचे, आणि मग वळणावर एका जुन्या टायरमध्ये बूड रुतवून बसत आम्हा सगळ्यांना शिव्या द्यायचे. नाना गाडी चालवायचे तेही त्यांच्याजवळच उभं राहून. हात प्रेसमध्ये गेला एवढं सगळ्यांना माहीत होतं. कसा गेला, हे विचारायची छाती कुणाची नव्हती.

गाडीची पुढची चाकं वळवते ती काड्यापेटीएवढी डबी, सर्व्हो. नाना तिला मनगट म्हणायचे. वसंतराव हसत म्हणायचे, "शंकर, माझ्यासाठी पण एक मागव. पंचवीस किलोचं." ह्या विनोदावर नाना कधी हसले नाहीत. माझ्या गाडीचा सर्व्हो मूळचाच, आत प्लास्टिकचे दाते. वेगात वळण घेतलं की चाकं त्यालाच मागं रेटायची आणि गाडी भिंतीकडं घसरायची. दोन वर्षं मी दर रविवारी नानांच्या मागं दुसरा यायचो. एकदा, फक्त एकदाच, मला त्यांना हरवायचं होतं. त्यासाठी ताकदीचा सर्व्हो पाहिजे होता.

मी मोबाईलवर त्यांना तीन दाखवले. पहिला त्यांनी लगेच बाद केला. "लई चपळ, पन दम न्हाई. चाक खड्ड्यात गेलं की दात पाडून घेईल." दुसरा दिसायला भक्कम, पण जोर बेताचा. "हे नुसतं लंगोट लावून बसलंय. कुस्ती यायची न्हाई ह्याला." तिसरा पंचवीस किलो जोराचा, स्टीलच्या दात्यांचा. तो त्यांनी बराच वेळ बघितला. "हे घे. पन हे खातं लई. तुझ्या गाडीत चार सेलचा डबा हाय. ह्यानं जोर लावला की डब्याचा जीव जाईल, आन रिमोटचं ऐकनारी डबी बेशुद्ध पडंल. मग गाडी हाय त्या वेगानं सुटती, बाप म्हनलं तरी थांबत न्हाई. पहिलं पोट, मग मनगट. आधी दांडगी बॅटरी टाक." हे 'पहिलं पोट, मग मनगट' त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी ते झोपेतसुद्धा बोललो असतो.

सर्व्हो गुरुवारी आला. बॅटरी आली नाही. शनिवारचा अख्खा दिवस मी दाराकडं डोळे लावून बसलो. रविवारी सकाळी म्हटलं, एका शर्यतीनं काय होतंय? आणि नवा सर्व्हो जुन्याच डब्यावर जोडला. घरात एका बिघडलेल्या रिमोटमधला तसाच चार सेलचा डबा पडून होता, तो खिशात घातला. मैदानात जुना सर्व्हो हातावर घेऊन नानांनी विचारलं, "बॅटरी?"

"बदलली, नाना."

"जुनं दाव."

मी तो दुसराच डबा त्यांच्या हातावर ठेवला. हातोडा पिशवीत असायचाच. दगडावर ठेवून त्यांनी दोन्हींचा चुरा केला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "आता हरव मला." त्या वेळी मला लाज वाटायला पाहिजे होती. खरं सांगतो, लाज नाही वाटली, आपण किती हुशार असं वाटलं.

पाच फेऱ्या मी पुढं होतो. काय वळत होती गाडी, राव. सहाव्या फेरीला भर वेगात मी चाकं वळवली आणि गाडीनं माझं ऐकणं सोडलं. रिमोटचा चाप सोडला, दाबला, काही नाही. गाडी किंचाळत सरळ सुटली ती टायरमध्ये बसलेल्या वसंतरावांच्या पोटावर. एका हाताच्या माणसाला त्या टायरमधून झटकन उठता येतंय थोडंच. नाना पाच पावलांवर होते. साठी उलटलेल्या माणसानं हातातला रिमोट फेकला आणि आपला पाय मधे घातला. नडगी मोडल्याचा आवाज इंजिनच्या आवाजातही ऐकू आला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. गाडी उलटी पडून चाकं फिरवत किंचाळतच होती, आणि नाना आडवे पडून, रक्तात, दुसऱ्या पायानं तिला लाथा घालत होते, इंजिन बंद पडेपर्यंत. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू घाबरू नको. सर्व्हो खराब निघाला."

ऑपरेशन झालं, पायात सळई बसली. मी रोज भेटायला जायचो आणि ते रोज म्हणायचे, "ये, बस." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी एका दुपारी ते शेडमध्ये बांधलेला पाय स्टुलावर टाकून बसले होते, शेजारी वसंतराव. म्हणाले, "ते सर्व्हो दाव. फोडून टाकू." मी सर्व्हो दिला, आणि त्याच्यासोबत गाडीतला तो खरा जुना डबाही काढून दिला. "नाना, सर्व्हो चांगलाय. उपाशी होता. मी तुम्हाला त्या दिवशी दुसराच डबा दाखवला."

नानांनी हातोडा उचलला. मग म्हणाले, "ठिव ऐरनीवर. धरून ठिव, हात काढू नको." मी डबा दोन बोटांत धरून ठेवला. हातोडा त्यांच्या डोक्याच्या वर गेला आणि खाली आला. डबा फुटला. प्लास्टिकचं टोक माझ्या अंगठ्यात घुसलं, भळाभळा रक्त आलं, पण बोटं शाबूत होती.

"हात का न्हाई काढलास?"

"तुम्ही मारणार नाही हे माहीत होतं."

कानशिलात अशी बसली की मी ऐरणीवर आपटलो. ओठ फुटला. "वसंताला बी असंच ठावं व्हतं," नाना ओरडले. "ब्रेकची स्प्रिंग बदलली म्हनून म्या सांगितलं, त्यानं प्रेसमधी हात घातला. भंगारातली जुनीच बसवली व्हती म्या. ती तुटली आन प्रेस खाली आली." आणि पुन्हा हात उगारला.

वसंतरावांनी डाव्या हातानं त्यांचा दंड धरला. आवाज चढवला नाही. "बस कर, शंकर. ह्यानं तीन आठवड्यांत सांगितलं. मला सांगायला तुला अकरा वर्षं लागली."

नानांचा हात तसाच खाली आला. ते रडलेले मी तेवढे एकदाच पाहिले, आणि रडतानाही तोंडात शिव्याच होत्या. मला, प्रेसला, स्वतःला. वसंतराव दंड धरून बसले होते, त्यांनी तो सोडला नाही.

नाना गेल्या वर्षी गेले. सकाळी चहा पिता पिता, एवढ्या आडदांड माणसाला न शोभणारं मुकाट मरण. सर्व्हो अजून माझ्या गाडीत आहे, पोटभर बॅटरी खाऊन. हातोडा वसंतरावांनी मागून घेतला. आता रविवारी त्यांना मागं बसवून मी मैदानावर आणतो. काही बदललं म्हणालो की ते डावा तळहात पुढं करतात आणि नानांच्याच बोलीत म्हणतात, "जुनं दाव." डाव्या हाताला हातोडा जड जातो, नेम बसत नाही, पहिला घाव बहुतेक दगडावरच पडतो. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. मी पार्ट दगडावर ठेवतो आणि हात काढून घेतो.