हजचा हंगाम संपल्यावर मागितलेली माफी

ती घटना आठवण्यासाठी मला काही करावे लागत नाही. परदेशी निघालेल्या कुणालाही निरोप देताना ती आपोआप समोर येऊन उभी राहते. तुम्ही नातवंडे एकामागून एक विमानात बसलात तेव्हाही ती आठवली होती, पण विमानतळावरच्या गडबडीत सांगायचे राहिले. म्हणून आता लिहून पाठवते. यातल्या माणसांची नावे मी सांगणार नाही. त्यांचीही नातवंडे आता तुमच्यासारखी कुठेतरी नोकऱ्या करत असतील.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षे झाली होती. निर्वासितांच्या छावणीत बायकांच्या तक्रारी ऐकून घ्यायला कुणीतरी हवे, म्हणून आम्हा काही इंग्रजी शिकलेल्या मुलींना पोलिसांत घेतले होते. छावणीतले काम कमी झाल्यावर माझी नेमणूक जवळच, कल्याणच्या पोलीस ठाण्यात झाली. घर ठाण्याला नौपाड्यात, नोकरी कल्याणला. हुद्दा फौजदाराचा, त्यामुळे गावाने मला ‘फौजदारीणबाई’ करून टाकले. पोलीस ठाण्यातला दिवस ठरलेला असे. सकाळी हजेरी, मग आदल्या दिवशी पकडून आणलेल्यांची विचारपूस, स्टेशन डायरी, मग कोर्टाची कामे. बायकांचे जबाब आणि पासपोर्टच्या चौकश्या माझ्याकडे असत. पासपोर्ट मागणारा माणूस कसा आहे, त्याच्यावर काही खटला आहे का, हे पाहून आम्ही वर कळवायचे.

त्या दिवसांत कुवेत, बहारीनकडे तेलाच्या कंपन्यांना सुतार, गवंडी, आचारी हवे होते. खाडीकाठचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर काम केलेले, त्यांना समुद्रापलीकडचे नवल नव्हते. पण कागद मिळायला वेळ लागे आणि दलालांना तेवढा धीर नसे. ते माणसांना मचव्यात घालून मोठ्या गलबतापर्यंत पोचवत, आणि ते गलबत त्यांना परक्या मुलखात कुठल्यातरी ओसाड किनाऱ्यावर उतरवून निघून जाई. काही जण कामाला लागत, काही तिथल्या तुरुंगात जात. काहींचे पुढे काय झाले हे त्यांच्या घरच्यांना कधीच कळले नाही.

एका सकाळी आमचे जमादार कानामागे साबण तसाच ठेवून ठाण्यात आले.

“बाईसाहेब, न्हाव्याने एक गोष्ट सांगितली. हसू नका.”

“सांगा.”

“मशिदीमागच्या गल्लीतली चार पोरं या आठवड्यात त्याच्याकडे येऊन गेली. दाढी नाही, हजामत नाही. हात हातात घेऊन म्हणाली, काका, कधी वेडंवाकडं बोललो असेन तर माफ करा.”

“मग त्यात काय?”

“तेच मी म्हटलं. तर वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून म्हणतो, जमादार, गप ऐका. हे हजला निघालेली माणसं करतात. मागे गल्लीतला एक म्हातारा निघाला, तो जन्मभर माझ्या वस्तऱ्याला शिव्या देत होता, तोसुद्धा येऊन माफी मागून गेला. पण हजच्या बोटी कधीच्या गेल्या. हाजी परत आले, खजूर वाटून झाले. मग ही पोरं निघाली कुठं?”

मला हसू आले नाही. लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी ओळखीच्या माणसांची माफी घेऊन निघायचे, ही त्यांच्यातली रीत मला माहीत होती. माणसाचे मन दुखावले असेल तर त्या माणसानेच माफ करावे लागते, देव ते परस्पर माफ करत नाही, अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे ही चार मुले लांब चालली होती. आणि या चौघांपैकी एकाचाही पासपोर्टचा अर्ज माझ्या टेबलावर आलेला नव्हता.

गंमत पाहा. कुणाला कळू द्यायचे नाही असे दलालाने त्यांना बजावले असणार. ते त्यांनी पाळलेही होते. कुठे जाणार हे कुणालाच सांगितले नव्हते. पण माफी न मागता निघणे त्यांना जमले नाही.

जमादार चारही घरी जाऊन आले. प्रत्येक दारातून एकच उत्तर मिळाले, पोरगा मामाकडे पनवेलला गेला आहे.

“पनवेलचा हा मामा मोठा भाग्यवान दिसतो,” जमादार म्हणाले, “चार घरचे भाचे एकदम जेवायला.”

पुरुष पोलिसाला यापुढे दार बंद होते. घरातल्या बायका त्यांच्यासमोर येणार नव्हत्या. म्हणून मी गेले.

चौघांतला एक आचारी होता. गल्लीतल्या लग्नात बिर्याणी त्याच्याच हातची. त्याची आई विधवा, गल्लीतल्या मुलींना कुराण आणि चार चांगल्या सवयी शिकवायची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मी पोचले तेव्हा ओटीवर धडा चालू होता. तिने मला हातानेच ‘बसा’ म्हणून खूण केली आणि धडा पुरा केला. पोलिसाला असे बसवून ठेवणारी मला तोवर कुणी भेटली नव्हती.

दुसऱ्याच्या घरात कसे जायचे, हा धडा होता. एक मुलगी उंबऱ्याबाहेर उभी राहून सलाम करी आणि विचारी, “आत येऊ?” आतली म्हणे, “आत्ता नको.” मग बाहेरचीने न कुरकुरता परत फिरायचे. एक चुणचुणीत पोर मात्र फिरेना.

“पण खाला, मला तहान लागली असेल तर?”

“तहान लागली तर पाणी माग. दार ढकलू नको.”

मुली घरी गेल्यावर तिने चहा केला. मुलगा कुठे आहे म्हणून मी विचारले. तीही पनवेल म्हणाली. तिच्या आवाजावरून ती खोटे बोलत नव्हती, तिला तेवढेच सांगितले होते.

“खाला, त्याने गल्लीतल्या सगळ्यांची माफी मागितली आहे. न्हाव्याचीसुद्धा.”

तिचा हात बशीवरच थांबला.

“तुमची मागितली?”

तिने बशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, “नाही.” आणि थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणावे तसे, “माझी मागितली असती तर मी विचारलं असतं ना, कुठल्या बोटीने.”

मला वाटले आता ती रडेल. पण तिचा चेहरा उलट सैल पडला.

“बाई, मग तो गेलेला नाही. आईचं दूध, तिनं पाजलेल्याचं देणं, माफ करून घेतल्याशिवाय तो पाऊल उचलायचा नाही. येईल. पण दारात शिपाई उभा करू नका. टोपी दिसली तर तो मागच्या मागे निघून जाईल, आणि माझ्याकडे ना पोरगा राहील ना त्याचा निरोप.”

जमादारांना हे पटेना. “बाईसाहेब, आईच ती. खिडकीतून पळवून लावील.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नोकरीत मी अशा आया पाहिल्या होत्या. तरी मी त्यांना कोपऱ्यावरच्या वखारीत बसवले आणि स्वतः खालाला विचारून तिच्या आतल्या खोलीत पडद्यामागे बसले. मुलगा निसटला असता तर त्याचा जबाब मला द्यावा लागला असता, आणि तो समुद्रावर गेला असता तर त्याचा जबाब कुणीच दिला नसता.

दुपारच्या नमाजानंतर तो आला. पडद्याच्या फटीतून त्याच्या बगलेतले गाठोडे दिसले.

“अम्मा, बोललंचाललं माफ कर. दूध माफ कर.”

“पनवेलला जायला दूध माफ करावं लागतं?”

मग खालाने थेटच विचारले.

“कुठे चाललास?”

“कुवेत.”

“कशाने?”

“मचव्याने. पुढे मोठं गलबत आहे. तिथे आचाऱ्यांची फार गरज आहे, अम्मा.”

“कागद?”

“कागदाला किती महिने लागतात! तोवर जागा भरून जातील. तिकडे कुणी विचारत नाही. विचारलंच तर सांगायचं, आमचं गलबत फुटलं, आम्ही वाचलेले खलाशी.”

“खलाशी? तू? पोहता येतं तुला?”

“...नाही.”

“मग वाचलास कसा?”

पडद्यामागे मला तोंडावर पदर धरावा लागला. पण तोही काही कमी नव्हता. त्याने बिनतोड वाटेल असे उत्तर काढले.

“अल्लाची जमीन मोठी आहे, रोजीसाठी फिरा, हे तूच शिकवतेस ना? या हद्दी काय, माणसांनी आखल्या.”

“ही भिंतसुद्धा माणसाने बांधली. म्हणून शेजाऱ्याच्या घरात मागच्या खिडकीतून शिरशील?” खालाचा आवाज चढला नव्हता. “रोजीसाठी जा. जरूर जा. तुझा आजा गेला, तुझा बाप गेला. पण तिथल्या लोकांनी दार ठेवलंय, दाराशी माणूस बसवलाय. त्याला सलाम कर, विचार, ये म्हणाला तर जा. परवाना म्हणजे काय रे? तू त्यांना दिलेला शब्द, आणि त्यांनी तुला. शब्द न देता खोटं बोलून शिरलास तर रोज चुलीपाशी उभा राहशील तोही त्या खोट्यावरच. त्यातलं मला पाठवशील. ते खाऊन मी पोरींना काय शिकवू?”

“मग माफ तरी कर.”

“झालेलं सगळं माफ. दूधही माफ. पण जे अजून केलेलं नाही, करायला निघालायस, त्याची माफी आगाऊ मागतोस? आगाऊ माफी माझ्याकडे नाही. ती कुणाकडेच नसते.”

पडदा जरा बाजूला करून मी पाहिले. त्याने गाठोडे कोपऱ्यात ठेवले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि भिंतीला टेकून खाली बसला. तोवर मी तिथे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मग मी बाहेर आले.

तो ताडकन उठला. “अम्मा, तू पोलीस बोलावलेस?”

“मी पाहुणीला चहा दिला. पोलीस ती आपली आपण झाली.”

मी त्याला सरळ सांगितले, मजूर बेकायदा परदेशी पाठवणाऱ्यावर गुन्हा आहे आणि मला तो दलाल हवा आहे. तू बोललास तर साक्षीदार, गप्प बसलास तर काय होईल ते मलाही सांगता येणार नाही. तो म्हणाला, दोस्तांचा विश्वासघात कसा करू? यावर खालाने एकच विचारले, “त्यांना तरी पोहता येतं का?”

मग त्याने सांगितले. बाकीचे तिघे शीळफाट्याजवळ एका वीटभट्टीच्या छपरात आहेत. ओहोटी लागली की गवताने भरलेला मचवा खाडीतून निघणार. आम्ही जीप घेऊन गेलो तेव्हा दलाल त्या तिघांना घेऊन धक्क्यावर पोचलाच होता. तो मोठ्या अदबीने म्हणाला, “साहेब, हे गवत कापायला आणलेले मजूर.”

जमादारांनी तिघांकडे पाहिले. “विळे कुठायत?”

पंचनामा झाला, दलालाला ठाण्यात आणले. मी गरिबांचे भले करतो, हा त्याचा सूर होता. मारपीट न करता मी त्याला एकच गोष्ट विचारत राहिले, आजवर पाठवलेल्यांपैकी सुखरूप पोचलेल्या एकाच्या घरी मला घेऊन चल. संध्याकाळपर्यंत त्याला एकही घर दाखवता आले नाही. मग गलबताच्या मालकाचे नाव त्याने स्वतःहून सांगितले. दोघांना शिक्षा झाली. चारही मुले साक्षीदार म्हणून उभी राहिली. त्यांतल्या एकाने आचाऱ्याशी बोलणे टाकले, ते स्वतःच्या लग्नात बिर्याणी करायला दुसरा कुणी मिळेना तोवर.

पुढे आचाऱ्याने रीतसर अर्ज केला आणि चौकशीचा कागद माझ्याकडेच आला. मी सगळे खरे लिहिले, मचव्यासकट. आमचे वरिष्ठ वाचून म्हणाले, “बाई, हा पळून चालला होता असंही लिहिता आणि पासपोर्ट द्यायला हरकत नाही असंही लिहिता?”

“साहेब, पोलीस घरात आहेत हे कळायच्या आधी त्याने टोपी खुंटीला लावली होती. तेही लिहिलंय.”

त्यांनी पुन्हा एकदा वाचले आणि सही केली. पासपोर्ट आला, कंपनीचा करार आला. आचारी दिवसाउजेडी, आईला सोबत घेऊन मुंबईच्या बंदरावर गेला आणि करार संपल्यावर परत आला. पुन्हा नवा करार करून पुन्हा गेला. खालाने त्याच्या पगारातून ओटीवर नवे छप्पर घातले, कारण मुलींची संख्या वाढली होती.

त्या वेळी मी तरुण होते. कायदा आपण खाकीबरोबर बाहेरून गल्लीत नेतो, असे मला वाटायचे. त्या ओटीवर कळले की तो आधीपासूनच तिथे होता. त्यांच्या धर्मातून आलेला, त्यांच्या शब्दांतला, पण माझ्या पुस्तकातल्यापेक्षा सैल मुळीच नाही. पुढे जिथे जिथे मला पोलीस म्हणून दारात उभे राहावे लागले, तिथे मी आधी अशी खाला शोधत असे. बहुतेक ठिकाणी ती सापडे.

आणि एक प्रश्न मी चौकशीत कायमचा उचलला. काय केलेस, कुणाबरोबर केलेस, हे सगळेच विचारतात. मी विचारत असे, “हे तू कुणाला सांगायचं टाळलंस?” माणूस अट्टल असेल तर लगेच म्हणे, कुणालाच नाही. पण बाकीचे अडखळत आणि हळूच एक नाव घेत. आई, मास्तर, बायको, एखादा जुना मित्र. ते नाव कळले की माझे अर्धे काम झालेले असे, कारण माणूस तिथूनच मागे फिरतो.

तुम्ही सगळे तिकडे रीतसर दारातून गेला आहात, हे मला ठाऊक आहे. तरी कधी एखादी पळवाट सोपी वाटेल, मुदत संपत आलेली असेल, कुणीतरी सांगेल की इथे कोण विचारतो. तेव्हा स्वतःला एवढेच विचारा, हे मी कुणाला सांगायचे टाळतो आहे? आणि मग त्या माणसालाच आधी फोन करा. तो माणूस मी असेन तर वेळ बघत बसू नका. मी रागावेन, पण शेवटपर्यंत ऐकून घेईन.