तपासणीच्या दिवसाची पेशंट

पावसला जाणाऱ्या एसटीत खिडकीच्या गजावर बोटं चढवत मी आखडलेल्या खांद्याचा व्यायाम करत होते. शेजारच्या बाईनं कोकमांची पिशवी पायाशी ठेवली आणि माझा खांदा तळव्यानं अलगद खाली दाबला.

"खांदा उचलू नको गो बाय. नुसता हात वर जाऊ दे."

हात खरंच वीतभर वर गेला.

"तुम्ही फिजिओथेरपिस्ट?"

"मी कसली! तिकडच्या फिजिओच्या कॉलेजात तपासणीवाले यायचे असले की आमच्या वाडीत गाडी येते. आम्ही बायका पेशंट होऊन खाटांवर झोपतो. मी दर वेळी खांद्याचं दुखणंच घेते. पोरांना काय येत नाय, मग तपासणारे साहेबच करून दाखवतात. बघून बघून पाठ झालं."

"तरी मान्यता मिळते?"

"मिळते की. जेवण झकास असतं."

"आणि एरवी?"

"एरवी कुलूप."

मी हादरलेच. कॉलेजचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. दोन महिने मी ज्या फिजिओथेरपिस्ट मुलीच्या हाती खांदा सोपवला होता, तिच्या दवाखान्याच्या भिंतीवरच्या पदवीवर तेच नाव होतं.

माझा हात आपोआप खाली आला. बाईनं तो धरून पुन्हा गजावर ठेवला.

"थांबू नको," ती म्हणाली. "अजून दहा वेळा."